खोल समुद्राच्या पाण्याचं वय काढायचंय? पहिल्या मोहिमेवर निघण्याआधी हे वाचा

अरबी समुद्रात साडेतीन हजार मीटरवरून वर आलेल्या बाटलीला हात लावला की बोटं बधिर होतात. डेकवर ऊन तापलेलं असतं आणि बाटलीच्या अंगावर दव जमत असतं. तळाशी त्या पाण्याचं तापमान दोन अंशांच्या आसपास होतं. अरबी समुद्रात कधीच एवढी थंडी पडत नाही, म्हणजे हे पाणी इथे थंड झालेलं नाही. ते शेवटचं पृष्ठभागावर होतं ते फार दूर दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या बाजूला. तिथून इथवर यायला त्याला किती वर्षं लागली, हे किरणोत्सारी ट्रेसर, म्हणजे पाण्याचा माग काढू देणारे त्यातले अणू, सांगतात.

रसायनशास्त्रात एमएस्सी करून मी गोव्यात पीएचडीला आले, तेव्हा मला वाटायचं की पाणी बाटलीत भरायचं, प्रयोगशाळेत पाठवायचं आणि वय लिहून यायचं. तसं होत नाही. प्रयोगशाळेतून आकडा येतो, वय नव्हे. त्या आकड्याचं वय करायला दुसरा आकडा लागतो: पाणी पृष्ठभाग सोडून निघालं तेव्हा त्यात काय होतं. हे समजायला मला दोन मोहिमा आणि बरेच वाया गेलेले नमुने लागले. तुमचे तरी वाचावेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

१. आधी प्रश्न, मग ट्रेसर

प्रत्येक किरणोत्सारी समस्थानिक ठरावीक गतीने क्षय पावतो. म्हणून प्रत्येकाचं घड्याळ ठरावीक काळापुरतंच चालतं. नवीन माणूस हटकून कार्बन-१४ धरतो, कारण तो ओळखीचा असतो. पण तुमचा प्रश्न दोनशे मीटरवरचं पाणी दहा वर्षांत कुठे गेलं असा असेल, तर कार्बन-१४ तुम्हाला वय सांगणार नाही.

- ट्रिटियम: अर्धायुष्य १२.३२ वर्षं. काही दशकांच्या पाण्यासाठी. १९६१-६२च्या अणुचाचण्यांनी वातावरणात त्याचा पूर आला, १९६३च्या चाचणीबंदी करारानंतर तो ओसरला. त्या पुरातलं ट्रिटियम आता नुसत्या क्षयाने साधारण तीन टक्क्यांवर आलंय. त्यामुळे त्याच्यापासून तयार होणारा हेलियम-३ सोबत मोजणं गरजेचं असतं. दोघांची बेरीज केली की मूळ ट्रिटियम किती होतं ते कळतं.
- आर्गॉन-३९: अर्धायुष्य सुमारे २६९ वर्षं. पन्नास ते हजार वर्षांच्या पाण्यासाठी याच्याइतकं नेमकं घड्याळ दुसरं नाही.
- कार्बन-१४: अर्धायुष्य ५७३० वर्षं. शेकडो ते हजारो वर्षांसाठी. खोल समुद्राचं बहुतेक सगळं ज्ञान यावर उभं आहे.
- रेडियम: चार समस्थानिक, रेडियम-२२४चं अर्धायुष्य ३.६ दिवस तर रेडियम-२२६चं १६०० वर्षं. किनाऱ्याजवळच्या आणि गाळातून झिरपणाऱ्या पाण्यासाठी मोलाचे.
- आयोडीन-१२९: सेलाफिल्ड आणि ला हाग इथल्या अणुइंधन प्रक्रिया केंद्रांतून समुद्रात सोडलेला. याचा क्षय आपल्या हिशेबात शून्यच धरा. तो रंगासारखा वापरतात, उत्तर अटलांटिकमधून आर्क्टिककडे जाणाऱ्या पाण्याचा माग काढायला.

मुंबईशी नातं असलेला एक समस्थानिक इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेल्या देवेंद्र लाल यांनी गोल्डबर्ग आणि कोइडे यांच्यासोबत १९६०मध्ये सिलिकॉन-३२ समुद्री स्पंजांच्या सांगाड्यांत शोधला. पाण्यात तो इतका विरळ की पाणी उपसण्याऐवजी सिलिका गोळा करणारा प्राणीच त्यांनी गाठला. ही युक्ती मला आजही थक्क करते.

पुढचं बहुतेक लिखाण कार्बन-१४बद्दल आहे, कारण तुमच्या वाट्याला बहुधा तोच येईल.

२. जहाजावर चढण्याआधी नकाशा काढा

पृष्ठभागावरचं पाणी जड होऊन थेट खोल समुद्रात उतरण्याच्या जागा जगात थोड्याच आहेत: उत्तर अटलांटिकचं वरचं टोक आणि अंटार्क्टिकाचा किनारा. हिंदी महासागराला उत्तरेकडे आशिया खंड आडवा आहे, म्हणून आपल्याकडे खोल पाणी तयार होत नाही. लाल समुद्राचं आणि इराणच्या आखाताचं खारट पाणी येतं, पण ते मधल्या थरांतच पसरतं. दोन हजार मीटरखालचं पाणी दक्षिणेकडूनच येतं, समुद्रतळावरच्या डोंगररांगांमधल्या खिंडींतून वाट काढत, आधी सोमाली खोऱ्यात आणि मग अरबी समुद्रात.

हा रस्ता कागदावर काढा. त्यावर जुने आकडे लिहा. जीओसेक्स या जागतिक समुद्र-मापन मोहिमेने १९७७-७८मध्ये हिंदी महासागरात कार्बन-१४ मोजला, वूस या नंतरच्या जागतिक मोहिमेने १९९५च्या सुमारास पुन्हा मोजला. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेने, म्हणजे पीआरएलने, १९९०च्या दशकात अरबी समुद्रातल्या जीओसेक्सच्या जागांजवळ पुन्हा नमुने घेतले. ग्लोडॅप या संकलनात जगभरच्या मोहिमांचे आकडे फुकट मिळतात. तुमच्या स्टेशनजवळचा (नमुने घ्यायची ठरलेली जागा म्हणजे स्टेशन) आलेख छापून वहीत चिकटवा. समुद्रावर इंटरनेटच्या भरवशावर राहू नका.

३. कागदपत्रं आणि साहित्य

कागदपत्रं: वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, संस्थेचं पत्र, विमा, परदेशी बंदराला लागणार असाल तर पासपोर्ट, आणि नेणार असलेल्या प्रत्येक रसायनाचं सुरक्षा पत्रक. दुसऱ्या देशाच्या सागरी हद्दीत नमुने घ्यायचे असतील तर सागरी कायद्याच्या करारानुसार किमान सहा महिने आधी माहिती द्यावी लागते. हे काम मुख्य शास्त्रज्ञ करतात, पण तुमच्या स्टेशनांची यादी त्यांना वेळेत देणं तुमचं काम.

परतताना लागणारं एक पत्र आधीच करून ठेवा: "बाटल्यांत नैसर्गिक समुद्राचं पाणी आहे, किरणोत्सारी पदार्थ मिसळलेला नाही, जतनासाठी अल्प मर्क्युरिक क्लोराइड आहे." पार्सलवर नुसतं रेडिओकार्बन असं लिहिल्यामुळे माझी एक पेटी तीन आठवडे गोदामात पडून राहिली होती.

साहित्य, दर स्टेशनला साधारण वीस नमुने धरून:

- ५०० मिलिलिटरच्या काचेच्या बाटल्या, घासलेल्या काचेच्या बुचांच्या. आम्लाने धुऊन भट्टीत भाजलेल्या.
- बुचाला लावायचं व्हॅक्यूम ग्रीस, जाड रबरबँड किंवा क्लिप
- सिलिकॉनची नळी, दोन तुकडे
- संपृक्त मर्क्युरिक क्लोराइड आणि १०० मायक्रोलिटरचं पिपेट
- नायट्राइल हातमोजे (पावडर नसलेले), कागदी पुसणी, पाऱ्याच्या कचऱ्यासाठी घट्ट झाकणाचा डबा
- पेन्सिल आणि पाण्यात न विरघळणारी लेबलं

जीओसेक्सच्या काळात एका नमुन्याला सुमारे २५० लिटर पाणी लागायचं, त्यासाठी जेरार्ड बॅरल नावाचे प्रचंड पिंप समुद्रात सोडायचे. १९७७मध्ये प्रवेगक वस्तुमान वर्णपटमापनाची, म्हणजे एएमएसची, वाट सापडली आणि अर्ध्या लिटरवर काम भागू लागलं. क्षयाची वाट न बघता हे यंत्र अणूच मोजतं. आज तुम्ही एका खोक्यात जे नेता, त्याला तेव्हा क्रेन लागायची.

४. जहाज स्वच्छ आहे का, ते आधी तपासा

ही पायरी चुकली तर पुढचं काहीच उपयोगाचं नाही.

वनस्पती-प्लवक किती वेगाने वाढतात हे मोजायला जीवशास्त्रज्ञ १९५०च्या दशकापासून कार्बन-१४ घातलेलं बायकार्बोनेट वापरतात. त्यांच्या एका थेंबात, तुमच्या अख्ख्या बाटलीत नसेल इतका कार्बन-१४ असतो. असा प्रयोग दहा वर्षांपूर्वी त्या प्रयोगशाळेत झाला असेल, टेबल नंतर शंभरदा पुसलं असेल, तरी डाग राहतो. दाराच्या मुठीवर, सिंकमध्ये, फ्रीजच्या कडेला.

माझ्या पहिल्या मोहिमेत आम्ही कोणालाच विचारलं नाही. ओल्या प्रयोगशाळेतल्या मोकळ्या टेबलावर बाटल्या मांडल्या आणि भरल्या. सहा नमुन्यांचे निकाल असे आले की तेवढा कार्बन-१४ पृथ्वीवरच्या कुठल्याच नैसर्गिक पाण्यात नसतो. एका वर्षाची वाट बघणं आणि एक स्टेशन, दोन्ही गेलं.

म्हणून: निघण्याआधी जहाजाचा पूर्वेतिहास विचारा. टेबलं, जमीन, सिंक, मुठी यांवरून ओला कापूस फिरवून स्वॅब चाचणी करून घ्या. मायामी विद्यापीठाची ट्रिटियम प्रयोगशाळा जगभरच्या जहाजांसाठी हेच काम करते. याच मोहिमेत कोणी लेबल केलेला कार्बन वापरणार असेल, तर त्यांचं काम वेगळ्या कंटेनरमध्ये आणि माणसंही वेगळी, असं मुख्य शास्त्रज्ञांकडून लेखी ठरवून घ्या. मागायला संकोच वाटतो, पण मागा.

ट्रिटियमचे नमुने घेणार असाल तर अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळ घरी ठेवा. काही घड्याळांत चमक ट्रिटियमचीच असते.

५. रोझेट वर आल्यावर: कोण आधी, कोण नंतर

साडेतीन हजार मीटरचा कास्ट, म्हणजे रोझेटची (निस्किन नावाच्या, खोलवर पाणी पकडणाऱ्या बाटल्यांच्या चौकटीची) एक फेरी, खाली जाऊन वर यायला अडीच-तीन तास घेतो. त्या वेळात झोपू नका, लेबलं लावा. (आणि उलटीची गोळी त्रास सुरू झाल्यावर नव्हे, आधी घ्यायची असते.)

रोझेट डेकवर टेकला की सगळे आपापल्या बाटल्या घेऊन धावतात. इथे क्रम पाळावाच लागतो. हवेशी ज्याची देवाणघेवाण लवकर होते ते आधी: फ्रिऑन (फ्रीजमध्ये वापरले जायचे ते मानवनिर्मित वायू), हेलियम, ऑक्सिजन, मग विरघळलेला अकार्बनी कार्बन आणि क्षारता (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता), त्यांच्या पाठोपाठ कार्बन-१४, मग ट्रिटियम, पोषकद्रव्यं आणि शेवटी लवणता. निस्किनची वरची खीळ उघडली की रिकाम्या जागेत हवा शिरते आणि उरलेलं पाणी बिघडायला लागतं. तुमचा क्रमांक येईपर्यंत थांबा, पण आला की रेंगाळू नका.

६. बाटली भरणं

नळी निस्किनच्या तोटीला लावा, पाणी सोडून तिच्यातले बुडबुडे घालवा. बाटली दोनदा विसळा. नळीचं टोक बाटलीच्या तळाला टेकवा आणि पाणी सावकाश खालून वर चढू द्या. खळखळ झाली तर हवा मिसळली असं समजा. बाटली भरून वाहू द्या, आणखी निम्म्या बाटलीइतकं पाणी बाहेर जाऊ द्या.

आता वरचं थोडं पाणी काढा. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. दोन अंशांचं पाणी तीस अंशांना गेलं की अर्ध्या लिटरमागे सुमारे तीन मिलिलिटर फुगतं. काठोकाठ भरलेल्या बाटलीचं बूच रात्री हळूच वर उचललं जातं आणि सकाळी बाटली उघडी सापडते. पाच मिलिलिटर जागा सोडा.

मग मर्क्युरिक क्लोराइड १०० मायक्रोलिटर, म्हणजे जिवाणू पाण्यातला सेंद्रिय कार्बन खाऊन तुमचा आकडा बदलणार नाहीत. हातमोजे घालूनच. हे विष आहे, पिपेटची टोकं डब्यात, समुद्रात नाही. बाटलीची मान कोरडी पुसून ग्रीस लावलेलं बूच फिरवत बसवा, रबरबँड चढवा, बाटली हळू उलटीसुलटी करा.

हेलियमसाठी काच चालत नाही, तो काचेतून निसटतो. तांब्याच्या नळ्या लागतात, दोन्ही टोकं दाबून बंद केलेल्या.

प्रत्येक कास्टमध्ये किमान दोन खोलींवर जोडीचे नमुने घ्या.

७. ऑक्सिजनवाल्याशी मैत्री करा

निस्किन बाटली तुम्ही सांगितलेल्या खोलीवरच बंद झाली का, हे तुम्हाला दिसत नाही. झडप अडकते, दोरी सैल असते, रबराचं सील गळतं. अरबी समुद्रात याची सोपी परीक्षा आहे. इथे सुमारे दोनशे ते हजार मीटरदरम्यान ऑक्सिजन जवळजवळ शून्य असतो. तीन हजार मीटरवर मात्र दक्षिणेकडून आलेल्या पाण्यामुळे तो पुन्हा वाढतो, किलोमागे शंभर मायक्रोमोलच्या वर. तीन हजाराच्या बाटलीत ऑक्सिजन फारच कमी निघाला, तर ती वाटेतच बंद झाली किंवा गळली. लवणताही सीटीडीच्या (रोझेटवरचं तापमान, लवणता आणि खोली नोंदवणारं यंत्र) नोंदींशी आणि सिलिकेट जुन्या आकड्यांशी ताडून बघा. ही सगळी मापं जहाजावरच होतात. शंका असलेल्या नमुन्यावर एएमएसचा पैसा घालू नका.

८. प्रयोगशाळा

भारतात दिल्लीचं इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटर आणि अहमदाबादचं पीआरएल इथे एएमएस आहे, परदेशात वुड्स होलचं केंद्र समुद्राच्या पाण्यासाठी जुनं आणि अनुभवी. बाटलीतल्या पाण्यात फॉस्फोरिक आम्ल घालतात, निघालेला कार्बन डायऑक्साइड द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून पकडतात, मग लोहाच्या भुकटीवर हायड्रोजनसोबत तापवून त्याचा ग्रॅफाइट करतात. तुमच्या अर्ध्या लिटरमध्ये तेरा-चौदा मिलिग्रॅम कार्बन असतो, यंत्राला एखादा मिलिग्रॅम पुरतो.

निकाल डेल्टा कार्बन-१४ म्हणून येतो, प्रति हजार या एककात. शून्य म्हणजे औद्योगिक युगाआधीच्या वातावरणाइतका. उणे २४० म्हणजे त्यापेक्षा २४ टक्क्यांनी कमी.

९. आकड्यातून वय: इथे घाई करू नका

उत्तर प्रशांत महासागराच्या खोल पाण्याचं उदाहरण घ्या. जगातलं सर्वांत जुनं पाणी तिथे आहे, साधारण उणे २४०. कॅल्क्युलेटरवर ८०३३ गुणिले ०.७६चा नैसर्गिक लॉगरिदम, चिन्ह उलटं: सुमारे २२०० वर्षं. मीही असंच करायचे आणि वहीत लिहायचे, "पाण्याचं वय २२०० वर्षं."

पण हे पाणी दक्षिणेला पृष्ठभाग सोडून निघालं तेव्हाच त्याचा आकडा शून्य नव्हता. अंटार्क्टिकाभोवती खालचं जुनं पाणी सतत वर येतं. ते हवेतला नवा कार्बन पुरेसा घेण्याआधीच पुन्हा बुडतं, आणि बर्फही आड येतो. निघताना त्याचा आकडा उणे १४०च्या आसपास होता असं धरलं, तर प्रवासाची वर्षं म्हणजे ८२६७ गुणिले लॉग (०.८६ भागिले ०.७६), सुमारे १०२० वर्षं. वय निम्म्याहून कमी झालं! उरलेली वर्षं प्रवासाची नव्हतीच, ती निघतानाच अंगावर होती.

(८०३३ आणि ८२६७ यांचा घोळ करू नका. पहिला, कार्बन-१४ने वय काढायची पद्धत शोधणाऱ्या लिबीच्या जुन्या ५५६८ वर्षांच्या अर्धायुष्यावरून आलेला, प्रथेने पाळलेला. दोन पाण्यांमधला खरा काळ काढताना दुसरा.)

आता आपल्याकडे या. अरबी समुद्राच्या खोल पाण्यात आकडा साधारण उणे १८० ते २०० असतो. उणे १९० धरलं तर थेट सूत्राने सुमारे १७०० वर्षं. दक्षिणेकडचं स्रोत-पाणी उणे १६० धरलं तर प्रवास सुमारे ३०० वर्षांचा. स्टुइव्हर, क्वे आणि ऑस्टलुंड यांनी १९८३मध्ये जीओसेक्सच्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्षही याच टापूत आहे: १५०० मीटरखालचं पाणी पूर्ण बदलायला हिंदी महासागरात सुमारे २५० वर्षं, अटलांटिकमध्ये २७५, प्रशांतमध्ये ५१०.

या तीनशेची अचूकता किती? मापनाची चूक तीन प्रति हजार असेल तर ती तीस वर्षांएवढी. दोन्ही टोकांची मिळून चाळीसच्या वर. आणि स्रोताचा आकडा दहाने चुकला तर शंभर वर्षं इकडची तिकडे. म्हणून प्रबंधात "वय" लिहाल तिथे कुठल्या स्रोतापासून, हे त्याच वाक्यात लिहा.

आणखी दोन गोष्टी आकडा बिघडवतात. एक, वरून पडणारे कण. पावसाळ्यात अरबी समुद्रात प्लवकांची भरभराट होते. त्यांची शंख-शिंपल्यांसारखी सूक्ष्म कवचं आणि सेंद्रिय कचरा खाली पडून विरघळतो आणि पृष्ठभागाचा ताजा कार्बन जुन्या पाण्यात मिसळतो. पाणी असतं त्याहून तरुण दिसतं. क्षारता आणि पोषकद्रव्यं मोजलेली असतील तरच याचा हिशेब लावता येतो. दोन, अणुचाचण्यांचा कार्बन. वरच्या हजारेक मीटरमध्ये तो गृहीतच धरा आणि तिथे साध्या सूत्राने वय काढू नका. खोल पाण्यातला आकडा निखळ आहे का, याची खूण ट्रिटियम आणि फ्रिऑन देतात: ते जिथे नाहीत, तिथे चाचण्यांचं पाणी पोचलेलं नाही.

मिसळण होते त्याचं काय? समजा एका बाटलीत निम्मं पाणी आजचं आणि निम्मं हजार वर्षांचं आहे. खरं सरासरी वय ५००. कार्बन-१४ सांगेल सुमारे ४८५, म्हणजे बरोबरच. आर्गॉन-३९ सांगेल सुमारे २४०, कारण जुन्या निम्म्यात त्याचे अणू फारच थोडे उरलेत आणि बोलतं ते तरुण पाणीच. दोन ट्रेसरांची उत्तरं जुळली नाहीत म्हणून मी एकदा हताश झाले होते. खरं तर ती न जुळणं हीच माहिती असते: बाटलीतलं पाणी किती वेगवेगळ्या वयांचं आहे, ते त्या फरकातून कळतं. पूर्वी आर्गॉनला हजारेक लिटर पाणी लागायचं, म्हणून ही जोडी क्वचित जमायची. लेझरने एकेक अणू पकडून मोजायच्या पद्धतीमुळे आता काही लिटरांत होतं. संधी मिळाली तर कार्बनसोबत आर्गॉनचं पाणी जरूर भरा.

१०. निकाल जुन्या आलेखावर ठेवा

वहीत चिकटवलेला तो ग्लोडॅपचा आलेख आता काढा. दोन हजार मीटरखाली तुमचे बिंदू जुन्या बिंदूंच्या चुकीच्या मर्यादेत पडायला हवेत. चार-पाच दशकांत तिथे फार बदल अपेक्षित नाही. एखादा बिंदू बाजूला पडला तर आधी बाटलीवर संशय घ्या, समुद्रावर नंतर. माझ्या दुसऱ्या मोहिमेत २८०० मीटरचा एक आकडा शेजाऱ्यांपेक्षा चाळीसने वर आला. नव्या प्रवाहाचा शोध लागला असं वाटून मी दोन रात्री वाचत बसले. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजनची नोंद पाहिली, ती ठीक होती. मग जोडीची दुसरी बाटली उघडायला दिली. ती आलेखावर नेमकी बसली. पहिल्या बाटलीच्या बुचाजवळ ग्रीसमध्ये केसाएवढी एक रेघ होती, हवा तिथून आली होती. निकाल छापून येईपर्यंत जोडीच्या बाटल्या थंड, अंधाऱ्या जागी उभ्या ठेवा आणि बुचं दर महिन्याला उजेडात धरून पाहा.